अव्वाच्या अंगावरचा कागद

मुरूम, ता. उमरगा, जि. धाराशिव
१२ सप्टेंबर

तीर्थरूप महालिंगप्पा मामांच्या चरणी भाचा नंदीश याचे शरणु शरणार्थी. शांतम्मा मामींनाही शरणु शरणार्थी, पण ते तुम्ही तोंडी सांगा. हे पत्र त्यांच्या हातात देऊ नका, ही माझी पहिली विनंती. (दुसरी विनंतीही आहे. ती लिहायला धीर होईल तेव्हा लिहीन.)

तुमचा उजवा गुडघा कसा आहे? मागच्या वेळी एसटीची पायरी चढताना तुम्ही दांडा धरून किती वेळ उभे राहिलात ते मी पाहिलं होतं. 'काय न्हाय, काय न्हाय' म्हणालात, पण तुमच्या घराण्यात काय न्हाय म्हणाले की समजावं बरंच काही आहे. अव्वाचंही तसंच होतं. मामींचं बीपी आटोक्यात आहे ना? आळंदकडं मुगाच्या शेंगा भिजल्या की काढून झाल्या? वासरू उभं राहिलं का? आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. श्रीदेवीची तब्येत बरी आहे, फक्त ती माझ्याशी बोलत नाही. कटलरीचं दुकान चालू आहे, फक्त त्यात गिऱ्हाइक कमी आणि सल्ला द्यायला येणारे जास्त. फोन का केला नाही असं तुम्ही म्हणाल. मामा, तुमच्याकडं फोन लावला की मामी तो स्पीकरवर टाकतात, मग ओसरीवरच्या माणसांपासून त्या वासरापर्यंत सगळे ऐकतात, आणि 'कोन बोलतंय?' या प्रश्नाला मी तीनदा नाव सांगेपर्यंत मला काय बोलायचं होतं तेच विसरून जातो. म्हणून पत्र. शाळेत असताना तुम्हाला शेवटचं लिहिलं होतं, त्यातही पैशाचीच गोष्ट होती. (सहलीचे वीस रुपये. तुम्ही तीस पाठवले होते.)

अव्वाला समाधी दिल्यावर तिसऱ्या दिवशी दूध घालून तुम्ही गेलात. त्याच दिवशी दुपारी इथं जे सुरू झालं ते अजून संपलेलं नाही, आणि त्याचा एक शब्दही तुमच्यापर्यंत आला नसणार, कारण आम्हीच कुणी कळवला नाही. आता मुळापासून सांगतो. आमची अव्वा, म्हणजे तुमची धाकटी बहीण इरव्वा, शेवटची दोन वर्षं बिटकॉइन बाळगून होती. दचकू नका. त्याला नाणं म्हणतात, पण ते हाताला लागत नाही, दगडावर आपटून वाजवून घेता येत नाही. सगळा कारभार कॉम्प्युटरवर, आणि भाव दर मिनिटाला वरखाली. सरकारचं नव्हे, बँकेचं नव्हे, कुणा सावकाराचंही नव्हे. माझी समजूत इथं संपते. यापुढचं बलभीमरावांना विचारावं लागतं.

हे बलभीमराव म्हणजे एसटीचे रिटायर कंडक्टर. तीस वर्षं भूम-परंडा गाडीवर तिकिटं दिली. येरमाळ्याच्या यात्रेत गाडीच्या टपावर किती आणि आत किती हे न मोजता सांगायचे म्हणतात. रिटायर झाल्यावर इथं लेकीकडं येऊन राहिले आणि सकाळी दहा ते एक माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसू लागले. (बायका बांगड्या भरायला आल्या की भिंतीकडं तोंड करून बसतात, इतका सभ्य माणूस.) त्यांनी आपल्या फंडातले थोडे पैसे या बिटकॉइनमध्ये घातले होते आणि त्याच्यावर मोबाइलमध्ये जेवढं वाचण्यासारखं आहे तेवढं वाचलं होतं. ते मला समजावून सांगायचे. मी मान हलवायचो. आणि मागं पोत्यावर बसून पिनांची पाकिटं लावणारी अव्वा ऐकत असायची, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

गुडघ्यांमुळं तिनं दोन्ही म्हशी विकल्या ते तुम्हाला ठाऊक आहे. ते पैसे आणि वीस वर्षांच्या दुधातून बाजूला टाकलेले, असे मिळून साडेचार लाख तिच्याजवळ होते. एके दिवशी पिनांची पाकिटं खाली ठेवून तिनं विचारलं, "कंडक्टर, तुमच्या त्या नाण्याला दूध किती?" बलभीमराव भिंतीकडं तोंड करून बसले होते, ते वळले. "आजी, दूध काय देत न्हाय ते. पर वजन वाढतंय. कधी वाळतंयबी." अव्वा म्हणाली, "मग रेडकू म्हणा की. इतकं फिरवून कशाला सांगायलाव?" आणि दुसऱ्या दिवशी तिनं चार लाखांचं रेडकू घ्यायचं ठरवलं. मी विरोध केला. मी किती ठामपणे विरोध करतो ते तुम्हाला माहीत आहे. दुपारी माझ्याच मोबाइलवरून तिचं खातं उघडायला बसलो.

पैसे कशासाठी होते ते सांगितलं नाही तर पुढचं सगळं तुम्हाला म्हातारीचा चाळा वाटेल. ते शिवप्रियासाठी होते. आमची शिवप्रिया अक्कलकोटच्या सासरहून कायमची परत आली त्याला सहा वर्षं झाली. मागच्या खोलीत शिलाई मशीन टाकून ब्लाउज शिवते. श्रीदेवी तिला कधी वाकडा शब्द बोललेली नाही, हे मी लिंगाची शपथ घेऊन सांगतो. पण सहा वर्षांनंतरही ती फ्रिज उघडताना आधी वहिनीकडं बघते. मला हे दिसलं नव्हतं. अव्वाला दिसलं. तिनं मला एकदाच सांगितलं, "तम्मा, तुझं घर चांगलं हाय. पर ते तुझं हाय." आपल्या गल्लीच्या टोकाला कडूबाईंच्या दोन खोल्या आहेत, पुढं तुळस आणि मागं मोरी. त्या पुण्याला मुलाकडं कायमच्या जाणार आहेत. त्या खोल्यांवर अव्वाचा डोळा होता, आणि रेडकू मोठं होईपर्यंत थांबायचं असं तिनं कडूबाईंशी परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

तर ते खातं. शेअर बाजारासारखं एक ॲप असतं. त्यात आपलं नाव, पॅन कार्ड, आधार कार्ड घालायचं आणि मग मोबाइलसमोर तोंड धरून डावीकडं बघा, उजवीकडं बघा, डोळे मिटा, उघडा, असं करायचं. अव्वानं सगळं केलं. (डोळे मिटा म्हटल्यावर तिनं हात जोडून जे मिटले ते उघडेचनात, तिला वाटलं पूजा आहे.) पण ॲप म्हणे आधारवरचं तोंड वेगळं आणि हे तोंड वेगळं. आधारच्या फोटोत तिच्या कपाळाला विभूती नव्हती आणि आता तीन बोटं भरून होती. मी म्हटलं, अव्वा, एक मिनिट पूस. ती म्हणाली, "नाण्यासाठी विभूती पुसू? ब्याडप्पा, नको रे बाबा. त्याला सांग, बाई हीच हाय." मी कुणाला सांगणार? चार वेळा नापास झाली. पाचव्या वेळी अंगणात उन्हाला बसवली तेव्हा विभूतीसकट पास झाली, आणि तिनं गल्लीत सांगितलं की मला सरकारनं ओळखलं.

त्यानंतर रोज सकाळी लिंगपूजा झाली, चहा झाला, की 'आज किती?' हा प्रश्न. वाढलं तर म्हणायची, चारा लागू पडला. उतरलं तर म्हणायची, पोट बिघडलं असंल, येईल ताळ्यावर. मी मात्र उतरलं की जेवायचो नाही. दोघांत म्हातारं कोण होतं ते तुम्हीच ठरवा.

मग बातमी आली की दुसऱ्याच कुठल्याशा कंपनीत चोरी झाली आणि लोकांची नाणी आतल्या आत अडकली. लोक हेलपाटे घालतायत आणि कंपनी म्हणते थांबा, बघतो. आमची कंपनी वेगळी होती, तिनं आमचं काही वाईट केलेलं नाही. पण बलभीमराव बोलून गेले की ॲपवरची नाणी म्हणजे खरं तर कंपनीच्या हातातली नाणी, आपल्याला दिसतो तो नुसता आकडा. ती आपल्या स्वतःच्या वॉलेटमध्ये काढून घेता येतात, मग चावी आपल्याजवळ. पण मग ती हरवली तर जगात कुणी मदत करू शकत नाही. मी म्हटलं, छे, ही जोखीम नको, कंपनी बरी. अव्वा माझ्याकडं अशी बघत राहिली जशी लहानपणी माझ्या हातून दावं सुटून म्हैस पळाली तेव्हा बघत होती. मग बलभीमरावांना म्हणाली, "कंडक्टर, आमच्यात लेकरू असतानाच गळ्यात लिंग बांधत्यात. मरस्तोवर अंगावरनं उतरत न्हाय. पूजेला बी आपल्याच हातावर घ्यायचं. आमी देव दुसऱ्याच्या घरी ठिवत न्हाय, मग पैसा कशाला ठिवू?" बलभीमराव म्हणाले की दोन वर्षं वाचून जे मला समजलं नव्हतं ते आजींना पाच मिनिटांत समजलं. मला राग आला, कारण ते माझ्याकडं बघून म्हणाले.

आता हलवाहलव. अव्वाच्या मोबाइलवर (शिवप्रियाचा जुना, काच तडकलेली) बलभीमरावांनी ते वॉलेट बसवलं. वॉलेटला एक पत्ता असतो. मामा, पत्ता म्हणजे मुक्काम पोस्ट नव्हे, चाळीसेक इंग्रजी अक्षरं आणि आकडे, एकालाही अर्थ नाही. त्यातलं एक अक्षर चुकलं की पैसे गेले. बलभीमरावांनी तीस वर्षांच्या सवयीनं पहिले चार आणि शेवटचे चार मोठ्यानं वाचले, मी मधले वाचले, शिवप्रियानं सगळे वाचले, आणि अव्वानं इंग्रजी येत नसताना बोट ठेवून मोजले. एवढं झाल्यावर ॲप म्हणालं, नवीन पत्ता आहे, चोवीस तास काही पाठवता येणार नाही. मी चिडलो, पण अव्वाला ते फार पटलं. म्हणाली, "बराबर हाय. नव्या सुनेला बी पहिल्या दिवशी कपाटाची किल्ली देत न्हाईत." (श्रीदेवी तिथंच उभी होती.) दुसऱ्या दिवशी आधी पाचशे रुपयांचं पाठवून बघितलं तर पाठवायची फीच जवळपास तेवढी लागली. मी बोंब मारली तेव्हा बलभीमराव म्हणाले, गाडीत एक माणूस असो की साठ, डिझेल तेवढंच. पाऊण तास त्या पाचशे रुपयांचा पत्ता नव्हता. तो पाऊण तास अव्वा देवघरासमोर बसून होती, मी दुकानाच्या पायरीवर होतो, आणि बलभीमराव स्टँडवर गाडीची वाट बघावी तसे येरझाऱ्या घालत होते. मग ते आले. त्यानंतर सगळेच पाठवले आणि तेही आले, आणि अव्वानं गव्हाची गोड हुग्गी केली.

वॉलेट बसवताना त्यानं बारा इंग्रजी शब्द दिले होते. तीच चावी. मोबाइल फुटला, जळाला, पाण्यात गेला तरी हरकत नाही, दुसऱ्या कुठल्याही मोबाइलवर ते बारा शब्द क्रमानं घातले की नाणी पुन्हा हजर. अव्वानं मला ते वाचायला लावले आणि एकेकाचा अर्थ विचारला. छत्री, हरिण, विहीर असले शब्द, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. ती म्हणाली, आपल्याला शिव पाच अक्षरांत मिळतो आणि ह्याला बारा शब्द लागतात, म्हणजे पैसा देवापेक्षा कठीण. मग तिनं दुकानाच्या बिलाची एक बोटभर पट्टी कापून दिली आणि बारीक अक्षरात लिही म्हणाली. मला वाटलं कागद वाचवते आहे. लिहून झाल्यावर तिनं पट्टी हातातून घेतली, दुसरीकडं उतरवून ठेवायची नाही अशी शपथ घातली, आणि ती कुठं ठेवली ते कधी सांगितलं नाही. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "माझ्या अंगावर हाय. तू काळजी करू नको."

आणि मोबाइल? मामा, हे लिहिताना मला हसावं की काय करावं कळत नाही. मोबाइल नुसती काच आहे, खरं सगळं शब्दांत आहे, हे बलभीमरावांचं बोलणं तिनं इतकं मनावर घेतलं की आषाढात जुने मोबाइल घेऊन टब देणारा गाडीवाला गल्लीत आला, तेव्हा तिनं आधी बलभीमरावांकडून मोबाइल कोरा करून घेतला आणि तो देऊन दोन प्लास्टिकचे टब घेतले. एक निळा, एक लाल. तिचं एका अर्थी बरोबरच होतं. त्या टबांत आता श्रीदेवी कपडे भिजवते आणि भिजवताना माझ्याकडं बघते.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सकाळी अव्वानं लिंगपूजा केली, गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीचं झाकण लावलं, भिंतीला टेकली, आणि शिवप्रिया चहा घेऊन आली तेव्हा ती गेलेली होती. पुढचं तुम्ही पाहिलंतच. लोक म्हणाले सोमवार मिळाला, पुण्यवान बाई. असेल. मला मात्र त्या दिवसापासून सकाळी चहा घशाखाली उतरत नाही. दुकान उघडतो, पिनांची पाकिटं समोर असतात, ती लावायला हात जात नाही. पन्नाशीला आलेल्या माणसानं असं लिहू नये, पण तुम्ही तिचे थोरले भाऊ आहात, तुम्हाला नाही लिहायचं तर कुणाला?

तिसऱ्या दिवशी तुमची गाडी गेली आणि तासाभरात कडूबाई आल्या. बिचाऱ्या रडल्या आणि मग अडखळत म्हणाल्या की मुलगा घाई करतोय, दसऱ्यापर्यंत थांबते, त्यानंतर दुसऱ्याला देते. तेव्हा मला त्या कागदाची आठवण झाली. तिच्या कमरेची चंची उघडली, त्यात सुपारी, दोन गोळ्या आणि दहाची नोट. ट्रंकेत नाही, देवघरात नाही, उशीत नाही. आणि मग सगळ्यांच्या समोर माझ्या तोंडून निघून गेलं, "अंगावर म्हणजे लिंगाच्या डबीत!" जिची अंगावरची वस्तू रात्रंदिवस उतरत नव्हती ती दुसरीकडं ठेवेलच कशाला? सगळ्यांनी कपाळाला हात लावला. कारण स्वामींची कंबर धरलेली म्हणून समाधीत तुम्हीच उतरला होतात, तुम्हीच तिच्या गळ्यातली डबी काढून लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलंत, आणि डबी तिच्याबरोबर गेली असं सगळ्यांचं म्हणणं आहे.

तेव्हापासून घराची चावडी झाली आहे. श्रीदेवीचा भाऊ सोमेश उमरग्याहून दर रविवारी येतो आणि म्हणतो, चार फूट तर माती आहे, सकाळी उघडू, कागद घेऊ, पुन्हा विधी करू, आजीलाही तेच हवं असणार. (त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. एकाच गोष्टीच्या दोन प्रती काढायची त्याला सवय आहे.) श्रीदेवी म्हणते उघडायची नसेल तर नका उघडू, पण एवढ्या पैशाची चावी एका चिठोऱ्यावर आहे हे बायकोला सांगायचं नाही ही कुठली रीत? बोलत नाही ती त्यामुळं. स्वामींना विचारलं तर त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ मिटले, आणि शेवटी भाव सध्या काय आहे ते विचारलं. बलभीमराव तर त्या दिवसापासून दुकानात आलेच नाहीत. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "मालक, तीस वर्षांत एक पॅसेंजर चुकीच्या स्टॉपला उतरवला न्हाय म्या. आन् आजीला..." मी त्यांना चार दिलाशाचे शब्द सांगायला गेलो होतो, ते राहूनच गेलं.

आणि शिवप्रिया. ती एकदाच बोलली, पण सोमेश, श्रीदेवी, स्वामी सगळे असताना बोलली. म्हणाली, "दादा, माझ्यासाठी अव्वाला उठवलंस तर त्या घरात मी पाय ठिवणार न्हाय. तुझ्या बी न्हाय." आणि आत जाऊन मशीन चालवायला लागली. रेडकू आता वाढून साडेनऊ लाखांचं झालं आहे, कडूबाईंच्या दोन खोल्यांना पुरून उरेल इतकं, आणि कुणालाच त्याचं दावं धरता येत नाही. दसरा वीस दिवसांवर आला. काल शिवप्रिया कडूबाईंना पुण्याला न्यायला म्हणून दोन उशांचे अभ्रे शिवून देऊन आली. शिलाई घेतली नाही. परत येऊन पाणी प्यायला फ्रिजपाशी गेली आणि श्रीदेवीकडं बघितलं. श्रीदेवीनं मान खाली घातली, आणि मीही.

असो. पत्र फार लांबलं. तुम्ही औषध वेळेवर घ्या, गुडघ्याला रात्री तेल लावून ऊनपाण्याचा शेक द्या आणि शेतात एकटे जाऊ नका. वासराला माझी आठवण सांगा, ते तरी 'कोन बोलतंय' असं विचारणार नाही. लहानथोरांना यथायोग्य सांगावं आणि लिहिण्यात भाच्याचं काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घालावं.

आपला
नंदीश

ता. क. : मामींनी सांगितलेल्या हिरव्या बांगड्या सव्वादोनच्या मापाच्या काढून ठेवल्या आहेत. दोन डझन आहेत, पैसे नकोत. माझ्या पत्राबद्दल त्यांनी विचारलं तर बांगड्यांचं लिहिलं होतं असं सांगता येईल, म्हणून हे वेगळं लिहिलं.

ता. क. २ : आता ती दुसरी विनंती. मामा, अव्वाच्या हातावर लिंग ठेवल्यावर तुम्ही डबी मिटलीत, आणि वरून विभूतीची पाटी खाली घेताना ती तुमच्या शर्टाच्या आतल्या खिशात गेली. मी पाहिलं. दुसऱ्या कुणी पाहिलं नाही, कारण मी लगेच सरकून सोमेशच्या पुढ्यात उभा राहिलो. चांदीसाठी घेतलीत असं मनात आणायला मी काय वेडा आहे? तुमच्या वडिलांनी ती तिच्यासाठी सोलापूरला घडवून घेतली तेव्हा तुम्ही त्यांच्याबरोबर होतात, हे ती मला कितीदा सांगायची. दीड महिना समाधी उघडायच्या गोष्टी ऐकतो आहे आणि मी तोंड उघडलं नाही, कारण उघडलं असतं तर लोकांनी तुम्हाला काय नाव ठेवलं असतं ते मला ठाऊक आहे. आधी वाटलं तुमच्याच ध्यानात येईल, पण तुम्हाला कागदाचं माहीत असायचं काहीच कारण नव्हतं. तर एकदा दार लावून डबी उघडा. तळाला कापड असेल, त्याच्याखाली बघा. पट्टी असली तर ती मला देऊ नका, शिवप्रियाच्या हातात द्या, पुढचं बलभीमराव करतील. गावाला मी सांगेन की माझ्याच दुकानात जुन्या बिलांच्या गठ्ठ्यात सापडली. माझ्या गबाळेपणावर गावाचा पूर्ण विश्वास आहे. आणि नसली तर नाही म्हणून दोन ओळी लिहा, म्हणजे मी कडूबाईंना थांबू नका असं सांगेन. काहीही असो, डबी तुमच्याकडंच राहू द्या.

ता. क. ३ : पट्टी मला देऊ नका असं का म्हणालो ते लिहायचं नव्हतं, पण लिहितो. तुम्ही खाली अव्वाच्या कपाळाला विभूती लावत होता तेव्हा मी वर काठावर उभा राहून मोबाइलमध्ये भाव बघत होतो. का बघत होतो ते मला अजून सांगता येत नाही. मान वर केली आणि तुमचा हात खिशाकडं जाताना दिसला. तिचं काहीतरी जवळ ठेवून घ्यावं हे तुम्हाला सुचलं, मी पोटचा मुलगा असून मला सुचलं नाही. दसऱ्याच्या आत मी एकदा आळंदला येतो. मामींना काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवा, आणि ती डबी घटकाभर माझ्या हातात द्या. जाताना परत देईन.